वरून गार, आतून कोमट

मरोळ, अंधेरी पूर्व
१० जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

जय भीम.

पप्पा म्हणतात, मालनताईला फोनवर सांगितलेली गोष्ट तिच्या दृष्टीने सांगितलेलीच नसते. म्हणून मुकाट्याने पेन हातात घेतलं आहे. तू टपाल खात्यातून निवृत्त झालीस तरी आम्हां सगळ्यांची तुझ्या खिडकीपासून सुटका काही होत नाही. माझ्या रूममेटला, तेजलला, मी पोस्टात तिकिटं आणायला पाठवलं तर तिने विचारलं, ती अजून मिळतात का.

बातमी अशी. हॉस्पिटलात मी रेडिएशनच्या मशीनचं गणित बघते ते तुला माहीतच आहे. आता त्यावर आणखी एक काम गळ्यात पडलं आहे आणि मी फार खूश आहे. ‘उष्णोपचार विज्ञान परिषद’ नावाची एक संस्था आहे, इथेच मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर. खाली पुठ्ठ्याची खोकी बनतात. वर काही डॉक्टर, काही इंजिनियर आणि ट्रॉम्ब्याच्या अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त झालेले आमचे अध्यक्ष सुबोध सर जमतात. त्यांचं म्हणणं असं की कॅन्सरच्या गाठीला रेडिएशनबरोबर ऊब दिली, म्हणजे सणसणून ताप आल्यावर अंग तापतं त्याहून जरा जास्त, तर गाठ लवकर हार मानते. यात जादू नाही, आणि सगळ्यांना लागू पडतं असंही नाही. पण लागू पडतं तेव्हा मजा येते. मी या परिषदेची सहसचिव झाले. म्हणजे चहा सांगायचा, बैठकीत कोण काय बोललं ते लिहायचं आणि खोटी मान शिजवायची.

घाबरू नकोस. मशीन खऱ्या माणसाला लावण्याआधी खोट्यावर तपासावं लागतं. मानेतल्या गाठीसाठी आम्ही खोटी मान करतो. चायना ग्रास पाण्यात उकळायचं, त्यात मीठ घालायचं आणि साच्यात ओतून थंड करायचं. मीठ अशासाठी की आपलं अंगही खारट असतं. काल आमच्या ओट्यावर पातेलंभर मान केली. तेजल ढवळत होती, तिने मध्येच विचारलं, यात वेलची घालू का.

फेब्रुवारीत परिषदेची वार्षिक सभा आहे. मी आत्तापासूनच वेड्यासारखी धावते आहे.

तुझी,
ऋतिका


घाटकोपर पश्चिम
१७ जानेवारी

चि. रितू,

जय भीम.

तुझं पत्र दहिसर फिरून आलं. पिनकोडमध्ये आठ आणि सहा उलटे लिहिलेस. तरी पोचलं, कारण खात्यात अजून माणसं आहेत. मशीनचं गणित तूच बघतेस ना? मग त्या पेशंटांची मला काळजी वाटते.

सहसचिव झालीस, छान झालं. बिनपगारी आणि फुल अधिकारी, आपल्या घराण्याला शोभतं. चायना ग्रासचं पुडिंग मी तू जन्मायच्या आधीपासून करते, दूध आणि नारळाचं. त्यात मीठ घालतात हे वाचून अंगावर काटा आला.

आता एक विचारायचं होतं, सहज. ही ऊब देतात तेव्हा दुखतं का? माणूस जागा असतो का? शेजारी कोणाला बसू देतात का, आणि बसलं तर हात धरलेला चालतो का? मानेत गाठ असेल, एकदा रेडिएशन होऊन पुन्हा आली असेल, तर उपयोग होतो का? आणि मुख्य म्हणजे वरची कातडी भाजते का? ओळखीतल्या एका माणसासाठी विचारते आहे. तू त्यावर उगाच डोकं चालवू नकोस.

तुझी,
मालनआत्या

ता. क. मी दोन नव्या साड्या घेतल्या. त्यातली एक लिंबू रंगाची आहे. उगाच सांगितलं.


मरोळ
२३ जानेवारी

प्रिय आत्या,

सहज? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? ओळखीतला माणूस म्हणे. आमच्याकडे येणारा प्रत्येक पेशंट पहिल्यांदा ओळखीतल्या माणसासाठीच विचारतो. तुझं पत्र वाचलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. तेजलने दार वाजवलं तर तिला सांगितलं, साबण डोळ्यात गेला.

रविवारी मी न सांगता तुझ्याकडे आले होते. दाराला कुलूप. शेजारच्या वनमालाकाकी म्हणाल्या, मालन हल्ली घरात सापडत नाही, आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलात जाते आणि येताना गुणगुणत येते. आत्या, गुणगुणतेस? त्याला आमच्यात धक्क्याने होणारं काहीतरी म्हणतात. नव्या साड्या घेतेस. लिंबू रंगाच्या. आयुष्यभर तू राखाडी आणि तपकिरी सोडून काही नेसली नाहीस. माणूस जायच्या आधी हौस करून घेतो असं मी वाचलं आहे.

म्हणून नीट उत्तरं देते. दुखत नाही. माणूस जागा असतो आणि डॉक्टरांशी वादही घालू शकतो. शेजारी बसू देतात, म्हणजे मी बसणार. हात धरलेला चालतो, बांगड्या मात्र काढाव्या लागतात. परत आलेल्या गाठीवर उपयोग होऊ शकतो, म्हणूनच तर सगळा खटाटोप. कातडीवर आम्ही गार पाण्याची पिशवी ठेवतो, त्यामुळे भाजण्याची भीती अगदी कमी असते.

पप्पांना मी अजून सांगितलेलं नाही. तुझे सगळे रिपोर्ट घेऊन ताबडतोब ये. मला तू हवी आहेस, आत्या.

तुझी,
रितू


घाटकोपर
२७ जानेवारी

अगं येडे,

मला काही झालेलं नाही. म्हणजे झालं आहे, पण ते नाही. मी प्रेमात पडले आहे.

हे लिहून मी पेन खाली ठेवलं, उठून पाणी प्यायले आणि पुन्हा वाचलं. बरोबर लिहिलं आहे. आता तू खुर्चीवर बसून घे.

त्यांचं नाव चंद्रप्रकाश परुळेकर. मूळचे कुडाळकडचे. वडील गिरणीत होते, हे स्वतः मरोळला एका बेकरीच्या कारखान्यात भट्टी सांभाळायचे, आता निवृत्त आहेत. लग्न केलं नाही, बहिणींची करता करता राहून गेलं. दर गणपतीला धाकट्या बहिणीला नानकटाईचा डबा पार्सल करायला माझ्या खिडकीवर यायचे. बांधायची अक्कल शून्य. मी दर वर्षी ते पार्सल सोडून पुन्हा बांधायचे आणि दर वर्षी त्यांना चार शब्द सुनवायचे. निवृत्तीनंतर गेल्या गणपतीत पाहते तर हे माझ्या दारात उभे, हातात सुतळीने कसंबसं गुंडाळलेला डबा. म्हणाले, नवीन बाई ओरडत नाही, पार्सल गेल्यासारखं वाटत नाही. मग काय, चहा झाला. नंतर रोजच व्हायला लागला.

गाठ त्यांच्या मानेत आहे. एकदा रेडिएशन झालं, बरं वाटलं, दिवाळीनंतर पुन्हा आली. डॉक्टर म्हणाले, आता थोडं रेडिएशन आणि त्याला ही तुमची ऊब जोडून बघू. तेव्हापासून हा माणूस अडून बसला आहे. आठवड्यातून दोनदा मी त्यांना समजवायला इथल्या हॉस्पिटलात नेते आणि दोनदा हे तिथल्या डॉक्टरला समजावून परत येतात. मला म्हणाले, “तीस वर्सा भट्टीसमोर उभो रवलंय. गरम केल्यार काय होता, ता माका शिकवू नको. आधी वरचा करपता, मगे आतला शिजता.” दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, इथे तर आयुष्य भट्टीपुढे गेलेलं. त्यांच्या डोळ्यांपुढे स्वतःची मान खारी बिस्किटासारखी खरपूस झालेली दिसते.

माझा नवरा गेला तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. तेव्हापासून मी कोणाकडे काही मागितलं नाही, ना भावाकडे, ना नशिबाकडे. आता मागते आहे. मला हा माणूस हवा आहे, आणि जिवंत हवा आहे. तुझी परिषद काय कामाची असेल ती आत्ता असू दे.

गुणगुणते हे खरं आहे. वनमालाला म्हणावं, कान दाराला लावून बसलीस तर आणखी ऐकू येईल.

तुझी,
मालनआत्या


मरोळ
१ फेब्रुवारी

आत्या, आत्या, आत्या,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे, पहिल्या दोन कागदांवर नुसतं हसणंच झालं. तेजलला वाचून दाखवलं तर ती गादीवर लोळली. मला तुझा राग यायला हवा होता, किती रडवलंस, पण येत नाही. मी दिवसभर हॉस्पिटलात फिदीफिदी हसत फिरते आहे. सुबोध सरांनी विचारलं, काय गं, मशीन बिघडलं की काय?

ऐक, एक करू. सोळा तारखेच्या रविवारी आमची वार्षिक सभा आहे, मरोळच्याच एका हॉलमध्ये. तिथे पेशंट आणि घरच्यांसाठी आम्ही खोटी मान सगळ्यांसमोर गरम करून दाखवणार आहोत. मशीन लावायचं, मानेत बारीक तापमापकं खुपसायची, मागे मोठ्या पडद्यावर आकडे. वर गार राहतं आणि आत ऊब पोचते हे डोळ्यांनी दिसतं. त्यांना घेऊन ये. समजावू नकोस, फक्त घेऊन ये. जेवण आहे म्हणून सांग.

मी सगळं चोख करीन. तुझ्यासाठी खास मोठी मान करते.

रितू

ता. क. त्यांना मी काय म्हणायचं? काका की अजून काही नको?


मरोळ
१७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

काल तू त्यांचा दंड धरून हॉलबाहेर पडलीस ती मागे वळून बघितलंही नाहीस, त्यामुळे पडद्यामागे काय झालं ते तुला ठाऊक नाही. तुला हे कळल्याशिवाय माझ्या पोटात मावणार नाही.

खोटी मान मी शनिवारीच तयार केली होती. इतकी सुरेख जमली होती की तेजलने तिच्याबरोबर फोटो काढला. हॉलवर फ्रिज एकच, जेवणवाल्याचा. त्यात ठेवली. वर चिठ्ठी लावली, ‘परिषदेसाठी’. इथेच वाट लागली. जेवणवाल्याचा मुख्य आचारी राजाराम, अत्यंत तत्पर माणूस, त्याने चिठ्ठी वाचली आणि मान साच्यातून काढली, चौकोनी तुकडे केले, टुटीफ्रूटी पेरली आणि उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना वाटून टाकली. परिषदेसाठीच होती ना.

मी स्वयंपाकघरात पोचले तेव्हा आमचे खजिनदार दुसऱ्यांदा घेत होते. मला म्हणाले, चव वेगळी आहे, डायबेटिसवाल्यांसाठी साखर कमी केली का? नशीब, बुरशी धरू नये म्हणून त्यात जे औषध घालतात ते मी या वेळी घातलं नव्हतं, नाहीतर अख्खी उष्णोपचार परिषद थंड पडली असती.

बाहेर दोनशे माणसं, तिसऱ्या रांगेत लिंबू रंगाची साडी, तिच्या शेजारी मफलर गुंडाळून बसलेले, हाताची घडी घातलेले तुझे परुळेकर, आणि माझ्याकडे मान नाही. मी राजारामच्या पिंपावर बसून रडायच्या बेतात होते. तेवढ्यात तेजलला फ्रिजमध्ये तुझा स्टीलचा डबा दिसला. तू सगळ्यांसाठी पुडिंग करून आणलं होतंस. दुसऱ्याच्या जेवणाला जाताना आपला डबा नेणारी बाई जगात तू एकटीच असशील. काल मी त्या सवयीला साष्टांग नमस्कार घातला.

पण मशीन जुळवलं होतं मिठाच्या पाण्यावर आणि तुझ्यात दूध, नारळ, साखर. तापेल की नाही, नुसतं मध्येच कुठेतरी तापेल, काही सांगता येईना. दुधात आपसूकच क्षार असतात हे आठवेपर्यंत मला घाम फुटला. स्टील मशीनखाली चालत नाही म्हणून पुडिंग उलटं करून प्लास्टिकच्या ताटात काढलं. वर पातळ प्लास्टिक, त्यावर गार पाण्याची पिशवी, त्यावर मशीन. सुबोध सरांच्या कानात सांगितलं, सर, मान संपली, हे पुडिंग आहे, आणि फ्रिजमधलं आहे, तापायला वेळ लागेल, तुम्ही बोलत राहा. आत्या, माणसाला आयुष्यात एकदाच अशी विनंती होते. सर पाऊण तास बोलले. ट्रॉम्ब्यातली त्यांची पहिली नोकरी, पहिली सायकल, सगळं आलं. तुम्हाला कंटाळा आला असेल, पण मागे पडद्यावर आकडा चढत होता आणि मी सरांवर फुलं उधळायची बाकी होते.

आत एक्केचाळीस अंश, वरच्या थरात जेमतेम चोवीस. मला उड्या माराव्याशा वाटल्या. आणि तेव्हाच तुझे परुळेकर उठले. पुढचं तू पाहिलंसच. ते ताठ चालत स्टेजवर आले, माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, “माका चाखूक व्हया.” आमच्या घटनेत याची तरतूद नाही. सुबोध सर माझ्याकडे बघत राहिले, मी सरांकडे. शेवटी मीच चमचा दिला.

केक झाला का ते बघायला भट्टीवाले सुरी मधोमध घालतात, तसा त्यांनी चमचा सरळ खाली घातला. आधी वरचं चाखलं. मग पार मधलं काढून जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती मी पहिल्यांदा पाहिली. मग ते माईकमध्ये म्हणाले, “वरून गार. आतून कोमट. आणि विरघळूक नाय. ही भट्टी उलटी चलता.”

टाळ्या पडल्या, आणि तू त्यांना घेऊन निघून गेलीस. तेव्हापासून मी नखं खाते आहे. ते काय म्हणाले? येणार का? लगेच लिही. नाहीतर फोन कर, मी कोणाला सांगणार नाही.

रितू


घाटकोपर
२० फेब्रुवारी

चि. रितू,

फोन कर म्हणे. शिस्त म्हणून काही असते.

मरोळ नाक्याला मेट्रोत बसलो. साकीनाका गेलं, असल्फा गेलं, हा माणूस नुसता खिडकीबाहेर बघतो आहे. मी मनात म्हटलं, पुडिंगही गेलं आणि माणूसही गेला. घाटकोपरला जिना उतरताना एकदम म्हणाले की नारळ जरा जास्त पडला होता. मी तिथेच थांबले. मी त्यांना सांगितलं, मान जाळायची भीती गेली असेल तर पुडिंगाला नावं ठेवा, नाहीतर तोंड बंद. तेव्हा ते हसले आणि म्हणाले, मंगळवारपासून रितूच्या हॉस्पिटलात जाऊ.

जिन्यावर भर गर्दीत माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी ते पुसलंही नाही. लोक बाजूने जात होते. जाऊ देत.

पण आनंद पुरता घशाखाली उतरायच्या आत त्यांनी अट घातली. मी खाली रस्त्यावर आल्या आल्या विचारून टाकलं होतं, मग लग्नाचं काय. मी आयुष्यात इतकं सरळ कोणाला काही विचारलं नव्हतं. ते म्हणाले, “लगीन रिपोर्टानंतर. रिपोर्ट बरो इलो तरच. तुका दोनदा विधवा करूक माका जमाचा नाय.”

म्हणजे उपचार घेणार, पण मी रांगेत उभं राहायचं, नंबर येतो की नाही बघत. हे मला अजिबात पसंत नाही. पण आत्ता बोलले नाही. मासा गळाला लागलेला असताना वाद घालू नये.

साडी लिंबू रंगाची आहे हे तुला तिसऱ्या रांगेत दिसलं, बरं वाटलं.

मालनआत्या

ता. क. काका म्हण.


मरोळ
४ एप्रिल

प्रिय आत्या,

आज काकांचं शेवटचं सेशन झालं. तू बाहेर पेढे वाटत होतीस तेव्हा आतमध्ये नर्सबाई रडवेल्या झाल्या होत्या, कारण आता त्यांना रोज कोण सांगणार की पाण्याची पिशवी अर्धा इंच डावीकडे हवी. पहिल्या दिवशी तू त्यांचा हात इतका घट्ट धरला होतास की मशीनपेक्षा त्याचीच खूण राहिली. मागच्या आठवड्यापासून मात्र तेच तुझा हात धरून बसत होते आणि तू डुलक्या काढत होतीस. हे मी काचेतून रोज बघत होते.

सुबोध सरांनी त्यांना परिषदेचं मानद सदस्यत्व देऊ केलं आहे. काका म्हणाले, पोटमाळ्यावर चहाबरोबर बिस्किटं कसली मिळतात ते बघून सांगतो.

बोटाने चाचपून गाठ लहान लागते असं डॉक्टर म्हणतात. पण रेडिएशननंतरची सूज उतरायला वेळ लागतो, खरं काय ते मे अखेरच्या स्कॅनमध्ये कळेल. तोवर कोणी काही बोलायचं नाही. मीही स्वतःला बजावते आहे.

तुझी,
रितू


घाटकोपर
१९ मे

चि. रितू,

एक गुपित सांगते, ते पत्र वाचून झालं की पोटात ठेव.

एप्रिलमध्ये बांद्र्याला जाऊन आम्ही रजिस्टर लग्नाची नोटीस दिली. ते म्हणाले, नुसती नोटीस हं, तारीख रिपोर्टनंतर ठरवू. मी म्हटलं, बरं. कागद सगळे माझ्या पिशवीत. इतकी वर्षं खिडकीवर काढल्यावर कोणता कागद कधी पुढे सरकवायचा एवढं तर मला कळतं. मी तारीख घेतली आहे. गुरुवार, एकोणतीस मे. स्कॅनचा रिपोर्ट शुक्रवारी, तीस मेला मिळणार, हे तूच सांगितलंस.

काल त्यांना सांगितलं. तासभर भांडले. मालवणीत भांडतात तेव्हा फार गोड दिसतात. मग विचारलं, कोणता शर्ट घालू.

तू त्या हॉस्पिटलात आहेस, मशीन तुझ्या पलीकडच्या खोलीत आहे. रिपोर्ट आधी दिसला तरी बघायचा नाही. बघितलास तर मला सांगायचा नाही. चेहऱ्यानेही नाही, तुझा चेहरा म्हणजे पोस्टकार्ड आहे, वाटेत कोणीही वाचावं. तुझ्या पप्पाला, कुंडलिकला, मी सांगितलं आहे. तो म्हणाला, ताई, साक्षीदार लागत असेल तर मी येतो.

मालनआत्या


मरोळ
२२ मे

प्रिय आत्या,

पप्पांनी नवा सदरा शिवायला टाकला आहे, म्हणजे ते खूश आहेत.

मी रिपोर्ट बघणार नाही, शपथ. पण आत्या, एकच दिवस थांब ना. गुरुवारऐवजी शनिवार कर. रिपोर्ट चांगला असला तर दुप्पट नाचू. आणि समजा नसला, तर निदान तुला माहीत असेल की तू कशावर सही करते आहेस. मी रोज हे रिपोर्ट बघते, म्हणून मला भीती वाटते. रागावू नकोस.

रितू


घाटकोपर
२४ मे

चि. रितू,

रागावले नाही. तू शहाणी आहेस म्हणून भितेस, आणि भितेस म्हणून मी तुझ्याजवळ बोलते.

शुक्रवारी रिपोर्ट चांगला आला आणि मग मी लग्न केलं, तर ते जन्मभर म्हणतील, बरा झालो म्हणून केलंस. वाईट आला, तर ते करूच देणार नाहीत. गुरुवार सोडून मला दुसरा दिवस नाही, बाळा. मी रिपोर्टशी लग्न करत नाही. ज्याला पार्सल बांधायची अक्कल नाही त्या माणसाशी करते.

किती दिवस मिळतील हे पहिल्या लग्नातही कोणी लिहून दिलं नव्हतं. गजरे तू आण.

मालनआत्या


असल्फा
२६ मे २०२५

चि. होऊ घातलेली भाची ऋतिका हिस,

अनेक आशीर्वाद. लग्नाआधी नातं लिहू नये असं आमच्याकडे म्हणतात, पण लिहिलं गेलं, राहू दे. तुमच्या घराण्यात महत्त्वाची गोष्ट पत्राने सांगायची रीत आहे असं मालन म्हणते, म्हणून मीही लिहितो. टपालाने पाठवत नाही, कारण घाटकोपरपासून अंधेरीपर्यंत सगळं खातं तिच्या ओळखीचं आहे. तुझ्या हॉस्पिटलाच्या गेटवर वॉचमन सहदेवकडे देतो आहे. तो कुडाळचाच आहे, तोंड उघडणार नाही.

स्कॅन शनिवारी झाला, रिपोर्टासाठी शुक्रवारपर्यंत थांबवेना म्हणून आज सकाळी मी एकटाच हॉस्पिटलात गेलो. तू वरती होतीस. डॉक्टरांना हात जोडले. म्हटलं, मी भट्टीवाला माणूस, दार न उघडता घड्याळाकडे बघत बसायची मला सवय नाही. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला आणि समजावून सांगितलं.

गाठ दिसत नाही. दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं, आणि पुढचं पुढे, असंही ते म्हणाले. पण आज दिसत नाही. मी पुन्हा पुन्हा विचारलं. बाहेर येऊन बाकावर बसलो आणि एकटाच हसत सुटलो. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने मला पाणी दिलं. मी तिच्या पाया पडलो, ती घाबरून उठून गेली.

आता तुला लिहायचं कारण. तू रिपोर्ट बघणार नाहीस असं मालनला वचन दिलं आहेस, ते ठाऊक आहे. पण चुकून कोणी डॉक्टर तुला अभिनंदन म्हणाला आणि तू धावत तिला सांगायला गेलीस, तर सगळं बिघडेल. म्हणून मीच आधी सांगतो, आणि मागतो, की गुरुवारपर्यंत तिला कळू देऊ नकोस.

तुला वाटेल, काका किती दुष्ट, ती तिकडे काळजीने सुकते आहे. तसं नाही. ती अजिबात सुकलेली नाही. काल माझ्या शर्टाच्या बाह्या मोजून गेली आणि जाताना गुणगुणत होती. माझं काय होणार हे तिला ठाऊक नाही, तरी ती गुणगुणते. आई गेल्यापासून माझ्यासाठी असं कोणी काही केलं नाही. मी जगणार की मरणार ते न विचारता ती हो म्हणाली आहे. मी आज जाऊन सांगितलं तर तिचा तो हो साधा होऊन जाईल, चार लोकांसारखा. तो मी तिच्या हातून काढून घेणार नाही. गुरुवारी तिला न कळता सही करू दे, ताठ मानेने, जशी तिला करायची आहे तशी. पेन तिने खाली ठेवलं की दुसऱ्या क्षणी मी तिच्या कानात सांगतो.

तू तेव्हा तिच्या उजव्या बाजूला उभी राहा. डाव्या बाजूने मी धरतो.

तुझा,
चंद्रप्रकाशकाका